लाल टेप

डोसाच्या दिवशी सिस्टर सहज बोलून गेल्या,
झोपायची जागा वेगळी ठेवा, खेळायची वेगळी,
म्हणजे तिलाही कळतं आता काय करायचं ते.
मी मान डोलावली.
कोपरखैरण्याच्या आमच्या सिडकोच्या खोलीत
आजवर कुठलीच जागा एका कामाची नव्हती.

दिवाणावर आम्ही झोपतो, जेवतो,
उन्हाळ्यात त्याच्यावरच पापड वाळतात,
लाइटबिलं त्याच्याच गादीखाली.
खिडकीशी माझी पायमशीन,
फॉल-बिडिंगच्या साड्या खुर्चीवर,
पाहुणा आला की दाराच्या खिळ्याला.
चार्वी कुठेही खेळायची, कुठेही कलंडायची.
एकदा कुकरच्या झाकणाला गाल लावून झोपली,
उठली तेव्हा गालावर शिटीचा गोल.

दिगंबरने मनावर घेतलं.
तो महापेला पॅनलचं वायरिंग करतो,
खिशात कायम लाल इन्सुलेशन टेप.
रविवारी गुडघ्यांवर रांगत
त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ मारली.
चार्वी त्याच्या मागोमाग रांगत होती.
फरशा मोजल्या, खेळायला अकरा, झोपायला सहा.
मशीन त्या सहांच्या मधोमध.

गॅलरीत ठेवू, तो म्हणाला.
गॅलरीत सिलिंडर आहे.
मग थोडे महिने बंद ठेव.
माझ्या ओठांत टाचण्या होत्या
म्हणून बरं.

रात्री एमआयडीसीचा तो आंबूस वास खिडकीतून आला,
मी उठून काच लावली
आणि अंधारात मशीनवर हात ठेवून उभी राहिले.
जागा बाळासाठी निवडत होतो,
कुणाची जायची हे मात्र
कुणी निवडायच्या आधीच ठरलेलं.

सोमवारी तो कामावर गेला आणि मी शोकेस रिकामं केलं.
आहेरातले सहा कप, ज्यांना चहा कधी लागला नाही,
काचेचा मोर,
दिगंबरची कॅरमची ट्रॉफी,
कुठल्याशा यंत्राचं मराठीत छापलेलं माहितीपत्रक,
ते यंत्र आमच्याकडे कधीच नव्हतं.
लोखंडेवहिनींच्या भाच्याने आठशेला नेलं, जिन्यात दोनदा अडकवून.
त्याच्याखालची फरशी वेगळ्याच रंगाची निघाली.
आपली फरशी क्रीम आहे
हे मला चार वर्षांनी कळलं.

संध्याकाळी त्याने चपला काढल्या. पाहिलं.
फ्रिजवरची ट्रॉफी उचलली, शर्टाने पुसली,
परत ठेवली.
शोकेसची दारं उघडायला सोडलेली ओळ धरून
फरशा मोजल्या.
सहाच आहेत, म्हणाला.
मग जुनी रेघ नखाने खरवडत बसला,
मी भाकऱ्या थापेपर्यंत.

आता तिकडे पातळ घट्ट गादी, ताणून खोचलेली चादर,
उशी नाही, बाहुली नाही, काही नाही.
इकडे डबे, चमचे, रिकामी रिळं,
एक वाटी जी फक्त आपटायची.
तीन दिवस ती रडली.
तीन दिवस मी तिला गादीवर ठेवलं
आणि ती रेघेपाशी येऊन बसली,
टेप खरवडत, बापासारखीच.
वहिनी म्हणाल्या, एवढ्याशा खोलीत कसली गं हद्द?
मीही म्हणाले, हो ना.

चौथ्या दुपारी मोरपंखी साडीला फॉल लावत होते.
काठ संपत आला तरी
वाटीचा आवाज नाही.
वळून पाहिलं तर गादीवर पालथी नव्हे, कुशीवर नव्हे,
उताणी, हात वर टाकून,
कुणी शरण आल्यासारखी झोपलेली.
मुठीत काहीतरी लाल.

धावले. बोटं एकेक करून सोडवली.
बोटभर टेप, लाळेने ओली,
एका टोकाला अजून चिकट.
तोंडात गेली असती म्हणून छाती धडधडत राहिली,
आणि ती आपली हसली झोपेतच.
रेघेचं टोक मी पुन्हा दाबून बसवलं.
तुकडा फेकायला निघाले,
कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले,
परत आले.
मशीनच्या पायाशी फरशीवर तो चिकटवला,
अंगठ्याने घासून घासून.
साडी पाचला द्यायची होती.
पाय पट्टीवर ठेवला, हळू सुरू केलं.
ती उठली नाही.